चौथं माप

मी एक जुनं पितळी मापटं आहे. परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, तांदळाच्या डब्यात माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात काठोकाठ तांदूळ भरले आणि वरून तळहात फिरवला, की बरोबर पाव किलो भरतात. मित्रांनो, हे मी बढाई मारण्यासाठी सांगत नाही. खरं तर थोडं बढाईसाठीच सांगतोय. ज्याला जन्मभर एकच काम येतं, त्याने त्या कामाचा अभिमान बाळगला तर कुणी हसू नये.

साठ वर्षांपूर्वी तांबाकाट्याच्या भांडीबाजारातल्या एका कासाराने मला घडवलं. मला घ्यायला आलेली सुंदराबाई येताना घरून तांदळाची पिशवी घेऊनच आली होती. कासार म्हणायचा, "झालं बाई." ती माझ्यात तांदूळ भरायची, ते त्याच्याच तराजूत ओतायची आणि मान हलवायची. "दोन दाणे कमी पडतत. परत ठोक." असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने मान हलवली नाही, आणि मी तिच्या पिशवीत बसून परळला आलो.

सुंदराबाई गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. गावाहून एकटे आलेले पस्तीस-चाळीस पुरुष तिच्याकडे पाळीपाळीने जेवायचे. माणशी एक माप तांदूळ, हा तिचा नियम. पाहुणा असो, नाहीतर महिन्याचे पैसे थकवलेला असो, प्रत्येकाच्या नावाचं माप मी डब्यातून काढून परातीत ओतायचो. "सुंदराबाईच्या मापात खोट नाही," असं लोक म्हणायचे. ते माझंच कौतुक होतं, असं मी आजही मानतो.

पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली, खानावळ मिटली. सुंदराबाई गेली आणि मी तिच्या सुनेच्या, सुभद्राच्या हातात आलो. आता चाळीस माणसांऐवजी घरातल्या तिघाचौघांचा भात मोजायचा. काम कमी झालं, तसा मान पण कमी झाला. सुभद्राचा मुलगा स्वप्नील लहान असताना मला गॅलरीत स्टंप म्हणून उभं करायचा. त्याच्याच एका चेंडूने माझ्या कमरेला पोचा पडला. त्या दिवशी सुभद्राने त्याला धोपटलं होतं, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

स्वप्नील ज्या छापखान्यात कामाला होता, तो जून महिन्यात बंद पडला. चाळीस वर्षांचा माणूस घरी बसला. मग त्याने शीवला लिफ्ट दुरुस्तीच्या सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं. कोर्स पुरा केला तर पक्की नोकरी मिळण्यासारखी होती. पण तोवर घरात एकच पगार, त्याची बायको अनुजा हिचा. ती दादरला एका लॅबमध्ये काऊंटरवर बसते. खोलीचं भाडं, लाइट बिल, लेकीची, तिसरीतल्या प्राचीची शाळा आणि कोर्सचा हप्ता जाऊन जे उरत होतं, ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

"किराणा, दूध, भाजी, सगळं मिळून महिन्याला नऊ हजार. एक रुपया वर नाही. वर गेलं तर तुला कोर्स सोडून पार्सलं पोचवत फिरावं लागेल."

"नऊ हजारांत चौघं? मुंबईत?" स्वप्नील म्हणाला. "अनु, तू एखादं शून्य विसरलीस काय?"

"तू दिवसाचे पाच चहा विसर, मग बरोबर जमेल."

तिने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. तेल इतकं, डाळ इतकी, साखर इतकी. यादीत नाही ते दुकानात दिसलं तरी बघायचं नाही. रविवारी सकाळी शेजारच्या दोघींना घेऊन ती भायखळ्याच्या बाजारातून घाऊक भाजी आणायची आणि तिघी जिन्यातच वाटून घ्यायच्या. आणि तांदूळ? कोकणातलं घर, भात दोन्ही वेळेला लागतो. दुपारी सुभद्रा आणि प्राची यांच्यासाठी एक माप, रात्री चौघांसाठी दोन. दिवसाला तीन मापं, महिन्याला तेवीस किलो. माझ्या जिवावर केलेला तो हिशेब होता, म्हणून मी खूश होतो.

जुलैच्या चोवीस तारखेला मी डब्याच्या तळावर खणकन आपटलो. तांदूळ संपले होते. महिन्याचा अजून आठवडा शिल्लक होता.

"आई, तुम्ही मापानेच घालता ना?" अनुजाने विचारलं.

"मापानेच घालतंय गो," सुभद्रा म्हणाली. ते खरं होतं.

अनुजाने मला उचलून दिव्यापाशी धरलं. "हे मापच बिघडलंय. बघ ना, केवढा पोचा आहे."

"पोचा आत गेलाय," स्वप्नील म्हणाला. "म्हणजे उलट कमीच मावणार. तांदूळ उरायला पाहिजेत."

"मग जातात कुठे?"

याचं उत्तर दोघांकडे होतं, एक सुभद्रा आणि दुसरा मी. ती बोलत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं.

अनुजाने आणखी आठ किलो तांदूळ विकत आणले, आणि पहिल्याच महिन्यात नऊ हजारांचा आकडा मोडला. दुसऱ्या दिवशी तिने दादरहून रेघा मारलेला प्लास्टिकचा पेला आणला आणि मला फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या रांगेत ठेवून दिलं. मित्रांनो, साठ वर्षांत मला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. फळीवर बसून मी त्या पेल्याकडे बघायचो आणि माझा जळफळाट व्हायचा.

पण अनुजा आणि स्वप्नील सकाळी बाहेर पडले, प्राची शाळेत गेली, की सुभद्रा स्टुलावर चढून मला खाली काढायची. घरातलं माप ती सुनेने सांगितल्याप्रमाणे पेल्यानेच घालायची. त्याच्यावर आणखी एक माप मात्र माझ्याने. "ह्या तुझा काम," असं पुटपुटून ती मला तांदळात खुपसायची. तेच ते चौथं माप.

ते बाबुरावांचं होतं, सासूच्या नियमाने माणशी एक. बाबुराव म्हणजे सुंदराबाईच्या खानावळीतला शेवटचा उरलेला माणूस. वय ऐंशीच्या वर, तळमजल्यावरच्या खोलीत एकटे राहतात. गिरणीत तुटलेले धागे जोडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून सुभद्रा रोज दुपारी त्यांना ताट नेऊन देत होती. अनुजाला याचा पत्ता नव्हता, कारण त्या वेळी ती कामावर असायची. पूर्वी एवढ्या तांदळाने काही अडत नव्हतं. आता अडू लागलं, आणि आता सांगायची सुभद्राला भीती वाटू लागली. मिरची मोजून वापरणारी सून नाही म्हणाली तर? मग तर उघडपणे बंदच करावं लागेल. म्हणून ती गप्प राहिली. बाबुरावांनाही ती थाप मारायची, की जास्तीचा भात उरलाय. ते म्हणायचे, "वैनी, तुमचो अंदाज रोज चुकता कसो?"

मी चोर नव्हतो, पण चोरी माझ्याच पोटातून होत होती. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, ते माप भरताना मला खानावळीचे दिवस आठवायचे आणि छान वाटायचं.

ऑगस्टची चोवीस तारीख आली, आणि तांदूळ पुन्हा संपले.

या वेळी अनुजा दुकानात गेली नाही. "आता पहिल्या तारखेलाच तांदूळ येतील," ती म्हणाली. "तोवर भाकरी." त्या घरात भात नाही असा आठवडा मी कधी पाहिला नव्हता. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, कधी नुसती चटणी. प्राची ताटाकडे बघून विचारायची, "आज पण भात नाही?" तिसऱ्या रात्री स्वप्नील म्हणाला, "बस झालं. मी कोर्स सोडतो. उद्यापासून पार्सलं पोचवायला जातो."

"सोडायचा नाही."

"अगं, पोरगी भाताला..."

"सोडायचा नाही म्हटलं ना! सहा महिने म्हणजे सहा महिने. तांदूळ कुठे जातात ते मी शोधून काढते. तू तुझ्या लिफ्टचं बघ."

सुभद्रा मान खाली घालून भाकरी मोडत होती. तिने अर्धीच खाल्ली. उरलेली अर्धी फडक्यात बांधून ठेवली, दुसऱ्या दिवशी खाली न्यायला. फळीवरून मला ते स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅब लवकर बंद झाली आणि अनुजा भर दुपारी घरी आली. सुभद्रा ताट घेऊन जिना उतरत होती. ताटात ती अर्धी भाकरी आणि पिठी. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या. तिथे काय झालं ते मला दिसलं नाही. पण थोड्या वेळाने दोघी खोलीत आल्या, तेव्हा सुभद्रा रडत होती.

"बाबुराव खालच्या खोलयेत एकटोच आसा. तेका कोण घालतला जेवूक? रागावू नको गो."

अनुजा खुर्चीवर बसली. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. "काकांना जेवण दिलंत म्हणून नाही रागावले, आई. मला सांगितलं नाहीत म्हणून रागावले. दोन महिने मी डबे उलटेपालटे करतेय. स्वप्नील काल कोर्स सोडायला निघाला होता. आणि तुम्ही स्वतःची भाकरी अर्धी करून..." मग कपाटावरच्या कागदाकडे बघून ती म्हणाली, "नऊ हजारांच्या वर मी जाणार नाही. आणि काकांचं ताटही बंद होणार नाही. कसं जमवायचं ते बघू."

संध्याकाळी तिने बाबुरावांना वर बोलावलं आणि सरळ विचारलं, "काका, तुमच्या रेशनच्या तांदळाचं काय होतं?"

"गेली दोन वर्सा घेतंयच नाय," बाबुराव म्हणाले. "ता मशीन माझो अंगठो घेईना. धागे जोडून जोडून अंगठ्यावरची रेघ न् रेघ गेली. मागे रांगेतली माणसा वराडतत. मी सांगलंय, ऱ्हवांदे."

आणि लाजेपोटी त्यांनीही ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्याच शनिवारी अनुजा त्यांना रेशनच्या दुकानात घेऊन गेली. तिथली हकिगत तिने घरी आल्यावर सांगितली, ती मी कान देऊन ऐकली. उजवा अंगठा नाही. डावा नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, रांग बघा मागे." अनुजा म्हणाली, "बघितली. काकांना अजून आठ बोटं आहेत." तर्जनी नाही, मधलं नाही. एकेक बोट पुसायचं, ठेवायचं. शेवटी उरलेल्या डाव्या करंगळीला मशीनने आवाज केला, आणि सगळ्या रांगेने हुश्श केलं. दुकानदार हसून म्हणाला, "काका, एवढी करंगळी जपा."

पाच किलोंची ती पिशवी बाबुरावांनी आमच्या उंबऱ्यावर ठेवली. "माझा माप माझ्या तांदळाचा. आता तुमका अंदाज चुकवूची गरज नाय, वैनी."

महिन्याला आणखी अडीच किलो कमी पडत होते. त्यासाठी अनुजाने स्वप्नीलच्या रविवारच्या फरसाणावर काट मारली. त्याने तोंड वाकडं केलं, पण विरोध केला नाही. कपाटावरच्या कागदावर तिने लिहिलं, दुपारी दोन, रात्री दोन. मग तिने मला फळीवरून काढलं, चिंच लावून लख्ख घासलं आणि डब्यात ठेवताना म्हणाली, "चुकलंच माझं." मित्रांनो, वस्तूची माफी मागणारी माणसं फार थोडी असतात.

पुढचे चार महिने सोपे नव्हते. गणपतीत मोदक एकवीसच झाले. दिवाळीत लालबागच्या चिवडा गल्लीतून जाताना अनुजा प्राचीचा हात घट्ट धरून सरळ पुढे बघत चालायची. पण चोवीस तारखेला मी पुन्हा कधी डब्याच्या तळावर आपटलो नाही. डिसेंबरच्या मध्याला स्वप्नीलची परीक्षा झाली. महिनाअखेरीस नोकरीचं पत्र आलं.

एकतीस डिसेंबरला रात्रीचा भात घालायला अनुजाने मला उचललं. पहिलं माप काठोकाठ भरलं. दुसऱ्याला डबा तिरका करून, झटकून घेतला, तरी दोन बोटं कमीच. डिसेंबर एकतीस दिवसांचा असतो, तो एक दिवस ती हिशेबात विसरली होती; आधीचं थोडंथोडं उरलं होतं म्हणून एवढे तरी निघाले. दुकान अजून उघडं होतं आणि खाली जाऊन अर्धा किलो आणणं कठीण नव्हतं. पण नऊ हजारांच्या वर जायचं नाही, म्हणून ती गेली नाही.

"आज माका भूक कमी आसा," सुभद्रा म्हणाली. "मला थोडाच वाढ," स्वप्नील म्हणाला. प्राचीनेही ताटावर हात आडवा धरला. अनुजाने स्वतःलाही कमीच घेतला. सगळ्यांची जेवणं झाली आणि तिने पातेल्याचं झाकण काढलं, तर आत वाटीभर भात तसाच होता. ती त्या भाताकडे बघत राहिली. सहा महिन्यांत डोळ्यांत पाणी न आणता ती कितीतरी वेळा लढली होती. उरलेल्या भातापुढे मात्र ती रडली, आणि रडता रडता हसलीही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुठेतरी एखादं जुनं माप असेल. त्याला कधीतरी चिंच लावून घासा, बरण्यांमागे टाकू नका. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. ते दोन महिने मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो, कारण मला तोंड आहे पण जीभ नाही. घरात काही कमी पडत असेल, कुणाचं ताट लपून जात असेल, तर घरच्यांना सांगा. तुम्हाला बोलता येतं.