जेवणाची हाक

जेवणघराचं दार बंद होतं आणि आतून तळणीचा वास येत होता. मेयर ट्रेवर हॅलिडेची मान पुन्हा त्या दाराकडे वळली. मी शाल सारखी केली आणि बसून राहिले.

आमच्या मराएवर, म्हणजे कुळाच्या सभेच्या जागी, बोलणं संपलं की बाई उठून पाहुण्यांना जेवणाची हाक मारते. ती बाई मी. मी हाक मारल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि जेवल्याशिवाय कुणी जातही नाही. मेयरला एवढं तरी माहीत होतं. त्या दिवशी माझा हाक मारायचा विचार नव्हता.

नगरपरिषदेची ही मंडळी मागे एकदा येऊन गेली होती. आम्ही रीतीने स्वागत केलं. ते रग्बीवर बोलले, पावसावर बोलले, आणि बोटी उतरवायला किनाऱ्यावर काँक्रीटचा उतार बांधायचाय हे चहाच्या दोन घोटांमध्ये सांगून मोकळे झाले. मग माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुईनीच्या हातचे पिपीचे वडे बोटं चाटून खाल्ले. महिन्याभराने पेपरात आलं, किनाऱ्यावरच्या कुळाशी सल्लामसलत पूर्ण झाली. ज्या वाळूतल्या शिंपल्यांचे वडे हाणले, तीच वाळू बुजवायला निघालेली ही माणसं. खाल्लं म्हणजे विचारलं, असा त्यांचा हिशोब.

कुईनीबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, चारचौघांत कधी बोलली नाही. कुणाचं मयत असो की लग्न, ओहोटी लागली की ही पोतं घेऊन किनाऱ्यावर. टाच वाळूत फिरवायची, खाली खडबडीत लागलं की वाकायचं. मग रात्रंदिवस चुलीपुढे. आमच्याकडे ना मोठी जमीन, ना कोरीव खांब. पण वर-खालच्या किनाऱ्यावरचा कुणीही आमचं नाव काढतो ते तिच्या वड्यांवरून. पाहुण्यापुढे स्वतःचं काही ठेवता येतं, तोवर कूळ हे कूळ असतं. नंतर उरते नुसती इमारत. पणाला लागलं होतं ते हे, आणि ट्रेवरला वाटत होतं आम्ही शिंपल्यांसाठी भांडतोय.

आमच्या भावाचा मुलगा रेवी नगरपरिषदेतच नोकरीला. आमच्यातलाही एक आहे हे दाखवायला त्याला पुढे बसवतात. परिषदेचं जाकीट घालून फिरतो. मात्र पेपर वाचून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, आत्या, कायद्याने ही सल्लामसलत नव्हे. ठरवायच्या आधी यायला हवं, सगळं पुढ्यात मांडायला हवं, मन उघडं ठेवून ऐकायला हवं, आणि शेवटी जे ठरेल त्याची कारणं द्यायला हवीत.

"आले होते की," मी म्हटलं. "मन कुठे होतं देव जाणे, तोंड मात्र उघडं होतं."

त्याने वरच्या साहेबांना तसं लिहिलं, म्हणून यांना परत यावं लागलं.

तर आता बोलणं चाललं होतं. परिषदेच्या सभागृहात माणशी पाच मिनिटं देतात आणि घंटी वाजवतात. जन्मभराचं दुःख पाच मिनिटांत बसवायचं. आमच्याकडे घंटी नाही. आमचे म्हातारे एकामागून एक उठले. एकाने आजोबांपासून सुरुवात केली, दुसऱ्याने आजोबांच्या होडीपासून. ट्रेवर माना हलवत होता, पालथ्या घड्यावर पाणी. ट्रॅक्टर विकता विकता मेयर झालेला माणूस. गिऱ्हाईक बोलत असताना मान हलवायची सवय. म्हातारे दमले तेव्हा मी विचारलं, उतार दुसरीकडे का नाही, ते सांगा. तो म्हणाला, सगळे पर्याय खुले आहेत. मी म्हटलं, मग एखादा दाखवा. त्याने रेवीकडे पाहिलं. रेवीने छताकडे.

वास वाढत चालला. ट्रेवरने घड्याळ पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि अगदी घरच्यासारखा म्हणाला,

"मावशी, आता आवरायचं का? काँक्रीटवाला किनाऱ्यावर ताटकळला असेल. त्याला आजच आखणी करून द्यायचीय."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते ट्रेवरला कळायला थोडा वेळ लागला. मग मानेपासून लाली चढत कानांपर्यंत गेली.

"वरात कधीच निघाली म्हणायची," मी म्हटलं. "आम्ही मागचं घोडं."

मी उठले, पण हाक मारायला नाही. यांना उपाशी वाटेला लावायचं मी ठरवलं होतं. तेवढ्यात जेवणघराचं दार आतून उघडलं. ॲप्रन बांधलेली कुईनी उंबऱ्यात उभी होती.

"ताई, हाक मार. गार होतंय."

"यांना?"

"ते कसे वागले ते त्यांच्यापाशी. उपाशी गेले तर नाव आपलं जाईल."

बहिणीला चारचौघांत मोडता कसा घालू? मी हाक मारली. उभ्या जन्मात इतकी कडू हाक माझ्या गळ्यातून निघाली नव्हती. रेवी वडा ताटातल्या ताटात फिरवत राहिला. ट्रेवर ताट पुसून जेवला आणि जाताना कुईनीला म्हणाला, असे वडे शहरात मिळत नाहीत.

पुढे रेवीने ते आखणीचं वाक्य धरून ठेवलं. काँक्रीटवाल्याला परत पाठवावं लागलं, ठराव मागे घ्यावा लागला. गावात लोक म्हणाले, म्हातारीने जिंकलं. मग परिषदेने सगळं पहिल्यापासून केलं, कायद्यात सांगितलंय अगदी तसं. सभा घेतल्या, नकाशे मांडले, घंटी न वाजवता ऐकलं. शेवटी छापील कारणं आली. तुमचं म्हणणं खुल्या मनाने विचारात घेतलं असं वर, आणि उतार त्याच जागी असं खाली. यावेळी कोर्टालाही बोट ठेवायला जागा नव्हती. पूर्वी आमचं ऐकायचे नाहीत. आता रीतसर ऐकून घेतात, एवढीच सुधारणा. रेवीने नोकरी सोडली नाही. ते जाकीट घालून तो आमच्याकडे येत नाही, इतकंच.

उताराखाली वाळू बुजली, त्या हिवाळ्यात आमच्या चुलतभावाचं मयत झालं. वरच्या किनाऱ्यावरून म्हातारा आरापेता आपली माणसं घेऊन आला. रडणं झालं, पुरणं झालं, मी हाक मारली. ताटांत दुकानातली मासळी होती, डब्यातली, वर अजमोद्याची पानं खोचलेली. आरापेताने ताटाकडे पाहिलं. पाव मोडला, ताटातलं सगळं सावकाश संपवलं, आणि रिकामं ताट पुढे करून म्हणाला,

"कुईनी, अजून थोडं वाढ गं."

ती वाढायला वाकली. चमचा ताटाला लागून वाजत राहिला, तशी त्याने दुसऱ्या हाताने ताट घट्ट धरलं.