शंखेरीच्या सुनेची आजी

चैत्र लागला की चोपड्याच्या मारवाडी गल्लीत दुपारी लाटण्यांचा आवाज सुरू व्हायचा. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात पापड लाटायला बायका गौतमचंदांकडे जमत. त्यांचं मागचं अंगण मोठं होतं, हे एक कारण. खरं कारण होतं राजकुंवर.

राजकुंवर गौतमचंदांची थोरली सून. पस्तिशीची, मूलबाळ नाही, बोलणं हळू. धुळ्याला माहेरी असल्यापासून तिला गोष्टी रचायचा नाद. ऐकलेल्या सांगणाऱ्या पुष्कळ असतात. ही स्वतःच्या रचायची. त्या वर्षी तिनं सोनथडीची गोष्ट काढली होती. अंगणात शेजारची तानुबाई पाटलीण आणि पिंजाऱ्यांची नूरबीही येऊन बसत, म्हणून गोष्ट मराठीत चाले.

सोनथडी हा एका मोठ्या नदीकाठचा मुलूख. तिथं माणसं राहत आणि माणसं नसलेलेही राहत. नदीच्या डोहांत जळमाणसं होती, डोंगरावर धुक्यातली माणसं होती. गादीवर बसायचा मान मात्र माणसांच्या तीन घराण्यांचा. पहिलं दीपगढचं. त्या घरच्या मुलानं हातात दिवा धरला तर तो वाऱ्यात विझत नसे. दुसरं शंखेरीचं. त्यांना पैलतीरावर कुजबुजलेलंही ऐकू येई. तिसरं खैरकोटचं, त्यांच्याकडे भांडखोरपणाशिवाय काहीच उरलं नव्हतं. तानुबाई पहिल्या दिवसापासून खैरकोटवाल्यांच्या बाजूनं होती. नूरबीला तिन्ही घराण्यांच्या पिढ्या पाठ झाल्या होत्या. राजकुंवर एखाद्या पणजोबाचं नाव चुकली की नूरबी म्हणायची, "भाभी, वो तो खैरकोटवाले का बाप था ना?" आणि सगळ्या हसत.

त्या दुपारी गोष्ट लग्नापर्यंत आली होती. दीपगढची केतकी शंखेरीच्या घरात सून म्हणून जायची होती. सोनथडीचा रिवाज असा, की मांडवात भाटानं दोन्हीकडच्या पिढ्या म्हणायच्या, बायकांच्या बाजूच्यासुद्धा. त्यात माणूस नसलेल्या कुणाचं नाव आलं, की गढीवरची घंटा कुणी हात न लावता वाजे. मग नवरीला नावेत बसवून नदीत सोडून देत.

"आणि केतकीच्या आईच्या आईबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं," राजकुंवर लाटी वळता वळता म्हणाली. "पूर ओसरल्यावर ती काठावर सापडली होती. चार वर्षांची पोर. माणसाची की जळमाणसाची, कुणी विचारलं नाही. दीपगढच्या एका सरदारानं उचलून घरी आणलं, वाढवलं, आणि खोटं कूळ सांगून तिचं लग्न लावून दिलं. आता भाट उभा राहिलाय. बापाच्या बाजूची नावं झाली. आता आईच्या बाजूची घेणार."

"मंग वं? घंटा वाजनी का?" तानुबाईनं विचारलं.

"ते उद्या. पीठ संपलं."

बायका कुरकुरल्या. कुणाचं लक्ष नव्हतं, पण समोर बसलेल्या, गल्लीतल्याच धनकुंवरचं लाटणं मघाशीच थांबलं होतं. तिच्या पोळपाटावरचा पापड मधोमध फाटला होता आणि ती त्याकडे नुसती पाहत होती. झमकूबाईंनी मात्र ते पाहिलं.

झमकूबाई बोदवडच्या सोहनलालांची थोरली विधवा बहीण. सासर चोपड्याचं, त्यामुळे राहायला इथंच; गल्ली त्यांना भुवाजी, म्हणजे आत्या, म्हणे. सोहनलालांचा मुलगा प्रकाशचंद आणि धनकुंवरची मुलगी चंचल यांचं लग्न त्यांनीच जमवलं होतं. मुहूर्त आखातीजेचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता. सोहनलाल बहिणीला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत.

झमकूबाईंनी फाटलेला पापड पाहिला, मग धनकुंवरचा चेहरा पाहिला, आणि पदर झटकून उठल्या.

*

दिवेलागणीच्या आधी धनकुंवर राजकुंवरच्या स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. 

"भाभी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझ्या आईचं."

राजकुंवरला काहीच कळेना. "तुमच्या आईला मी पाहिलंसुद्धा नाही हो."

धनकुंवर तिच्याकडे पाहत राहिली. समोरची खरं बोलतेय हे तिच्या ध्यानात आलं, आणि आपण आता स्वतःच सगळं उघडं केलंय हेही. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग सांगायला लागली, कारण आता न सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता.

संवत छप्पनच्या, म्हणजे सत्तरेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मारवाडातून माणसं वाट फुटेल तिकडे निघाली होती. तेव्हा धनकुंवरची आई बोदवडच्या फलाटावर एकटीच सापडली. आईबाप वाटेत गेले असावेत. पोरीला स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. हजारीमल नावाच्या व्यापाऱ्यानं तिला घरी नेलं, वाढवलं आणि लग्न लावून दिलं.

"मरताना आईनं मला हे सांगितलं, आणि म्हणाली, कुणी साख विचारली तर हजारीमलजींची सांग. दुसरं एक अक्षर बोलू नकोस. मी तेच सांगत आले. माझ्या लग्नात तेच, चंचलच्या सोयरिकीत तेच." तिनं पदर तोंडाशी धरला. "आपल्यात लग्नाला चार साखा, चार कुळं बघतात हे तुम्हाला माहीतच आहे. स्वतःची, आईची, बापाच्या आईची, आईच्या आईची. यातली एक जरी जुळली तरी ते नातं बहीण-भावाचं. आणि चौथी साख मी खोटी सांगितलीय."

राजकुंवर तिच्या शेजारी खाली बसली. पुराच्या काठावर सापडलेली पोर तिला परवा भाजी चिरताना सुचली होती, नुसती गोष्टीला वळण हवं म्हणून.

"मी गोष्ट बदलते," ती म्हणाली. "ती पोर माणसाचीच होती असं दाखवते. चांगल्या कुळातली."

"दाखवा," धनकुंवर म्हणाली. "पण झमकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, भाभी. त्यांनी पाहिलं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जैनांच्या स्थानकातून प्रार्थना करून परतताना झमकूबाईंनी राजकुंवरला गाठलं.

"राज, ती केतकीची आजी कुठून आणलीस?"

"मनातून, भुवाजी."

"मनात कुठून आली?"

"अशीच."

"अशीच काही येत नाही," झमकूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त धडकी भरली. "आखातीजेला माझ्या भाच्याचं लग्न आहे. तुला काही माहीत असेल तर आज सांग. नंतर सांगून उपयोग नाही."

राजकुंवरनं नकारार्थी मान हलवली. कालपर्यंत हे उत्तर खरं असतं. आज ते खोटं होतं आणि ते आपल्या तोंडावर दिसत असणार, असं तिला वाटलं.

घरी आली तर गौतमचंद ओसरीवर उभे. झमकूबाईंनी तिला रस्त्यात अडवलेलं गल्लीनं पाहिलं होतं; कुजबूज सुरू झाली होती. "सूनबाई, कहाणी बंद करा. लोकांच्या सोयरिकी आहेत."

"आज बंद केली तर लोक म्हणतील, नक्कीच काहीतरी होतं, बाबूजी."

 गौतमचंदांनी पगडी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि दुकानात निघून गेले.

फुलके करताना राजकुंवर शेवट जुळवत होती. एकदा नदीकाठच्या देवीनं साक्ष दिली, एकदा पोरीच्या गळ्यात राजघराण्याचा ताईत निघाला. प्रत्येक शेवट तिला धनकुंवरच्या तोंडासारखा फिकट वाटे. घंटा वाजवली तर चंचल बुडाली. वाजवली नाही तर झमकूबाई विचारणार, का नाही वाजली? तव्यावरचा फुलका काळा होऊन धूर निघाला, तेव्हा ती भानावर आली.

*

त्या दुपारी अंगणात एरवी न येणाऱ्या बायकाही आल्या. पीठ थोडं आणि माणसं जास्त. चंचल एका बाजूला लाट्या करत बसली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. सगळ्या आपल्याकडे का बघतात, एवढंच तिला कोडं पडलं होतं.

राजकुंवरनं सुरुवात केली. ती पोळपाटाकडेच बघत होती. भाटानं डोळे मिटले, ती म्हणाली. त्यानं आजीचं नाव घेतलं. मांडवात सगळ्यांचे कान गढीकडे लागले. घंटा वाजली नाही. कारण ती पोर खरं तर शंखेरीच्याच जुन्या मित्राची, खूप मोठ्या सरदाराची मुलगी होती, तिच्या दंडावर...

"थांब," झमकूबाई म्हणाल्या.

लाटणी थांबली.

"काल तुला ठाऊक नव्हतं ती कोण. आज तिच्या दंडावर खूण निघाली. एका रात्रीत?"

 तानुबाई मध्ये पडली. "अवं अक्का, गोष्टच शे ना ती! त्या पोरना काय दोष शे?"

"गोष्ट असेल तर तिनं माझ्याकडे बघून सांगावी. ती खाली का बघते?"

  आपण उठून आत जावं असं राजकुंवरला वाटलं. तेवढ्यात धनकुंवरनं लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं.

"तिला विचारू नका. मला विचारा," ती म्हणाली. "माझी आई बोदवडच्या फलाटावर सापडली होती. छप्पनच्या काळात. ती कुणाची, मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. साख मी हजारीमलजींची सांगितली. भाभीला यातलं काही ठाऊक नव्हतं, काल मीच बोलून बसले."

चंचलच्या हातातली लाटी तशीच राहिली. "आई?" ती एवढंच म्हणाली.

 झमकूबाईंचा स्वर बदलला.

"ती फलाटावर सापडली याची मला लाज नाही, धनकुंवर. त्या काळात कुणाचं काय झालं नाही? मला भीती वाटते. माझ्या बापाची एक बहीण त्याच वाटेवर हरवली होती. उद्या तुझी आई आमच्याच घरची निघाली तर? मी बहीण-भावाला एका मांडवात बसवलं असं होईल. मी मेल्यावर याचा जाब काय देऊ?"

 झमकूबाई उठल्या. "मी बोदवडला जाते. तिथं कुणी जुनं माणूस असेल तर विचारते. तोवर गल्लीत कुणी तोंड उघडू नका."

*

झमकूबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेल्या. परत कधी येणार, हे सांगून गेल्या नव्हत्या. धनकुंवरच्या घरी मंडपाचे बांबू येऊन पडले होते. ते उभारायचे की परत पाठवायचे, हे कळत नव्हतं. मांडववाला इसाक दोनदा येऊन विचारून गेला. चंचल आईशी बोलत नव्हती. रागावली होती असंही नाही. काय बोलावं, हे तिला सुचत नव्हतं. राजकुंवरला जेवण जाईना. स्टँडवर गाडी आल्याचा आवाज झाला की ती दारात येई, आणि पलीकडे धनकुंवर आपल्या दारात उभी दिसे. दोघी एकमेकींकडे बघत आणि आत जात. त्या उन्हाळ्यात राजकुंवरनं पुन्हा गोष्ट सांगितली नाही. कुणी मागितलीही नाही.

झमकूबाई आल्या तेव्हा बरोबर सोहनलाल होते. धनकुंवरच्या बैठकीत माणसं जमली. राजकुंवर आतल्या दाराशी उभी राहिली. सोहनलाल पाणी प्यायले, घाम पुसला आणि बहिणीकडे बघून म्हणाले, "तुम्हीच सांगा, बाईसा."

"हजारीमलजींची धाकटी सून अजून आहे," झमकूबाई म्हणाल्या. "डोळे गेलेत, पण शुद्धीत आहे. तिनं सांगितलं, हे आमच्या जन्माआधीचं. तुझ्या आईच्या लग्नात हजारीमलजींनी सगळ्या पंचांना बोलावलं. पोर कुठं सापडली ते भर मांडवात सांगितलं. म्हणाले, आजपासून ही माझी लेक, हिची साख ती माझी साख. ज्याला मान्य नसेल त्यानं जेवायला बसू नये. सगळा गाव जेवला. आपल्या रिवाजात कन्यादान ज्याच्या हातून होतं, साख त्याची. धनकुंवर, तू खोटं सांगितलंच नव्हतंस."

धनकुंवर ऐकत होती, पण तिला जणू समजत नव्हतं.

"आणि तुमची भीती, भुवाजी?" आतून चंचलनं विचारलं. मोठ्यांच्या बैठकीत मुलींनी बोलायचं नसतं, पण तिला कुणी अडवलं नाही.

"ती थोडी राहिलीच आहे," झमकूबाई खरं बोलल्या. "पण ती माझी. ती मी सांभाळते. सोहन, मांडव घालायला सांग."

माणसं बोलत बाहेर ओसरीवर गेली, चहा निघाला. राजकुंवर धनकुंवरजवळ जाऊन बसली. आता ही हसेल, असं तिला वाटलं होतं. धनकुंवर रडायला लागली, आणि थांबेना.

"सगळ्यांना माहीत होतं, भाभी," ती म्हणाली. "आख्ख्या बोदवडला. पंचांना माहीत होतं, तरी जेवले. मग माझी आई जन्मभर का भीत होती? कुणी पाव्हणा माहेर विचारू लागला की ती माजघरात जाऊन बसायची. मला वाटायचं, तिनं काही पाप केलंय. मी तिला एकदासुद्धा विचारलं नाही, आई, तुला ती गाडी आठवते का?"

चंचल आतून आली. आईच्या समोर जमिनीवर बसली, तिचा हात हातात घेतला.

"आजीचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"गुलाबबाई. हजारीमलजींनी ठेवलेलं."

"आणि त्याआधीचं?"

धनकुंवरनं डोळे पुसले, आठवायचा प्रयत्न केला. मग हळूहळू, आपल्या आईबद्दल जे जे तिला ठाऊक होतं ते, ती मुलीला सांगू लागली.