कलमावरून पडलेल्यांची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसण्याची वेळ तुमच्यापैकी कोणावरही येऊ नये, असे मला मनापासून वाटते. मी एक जुनी व्हीलचेअर आहे. माझी पाय ठेवायची डावी पट्टी मोडली आहे आणि बसायचे रेक्झिन दोनदा शिवून झाले आहे.

कारखान्यातून मी रत्नागिरीला आले ती शमुवेलकाकांसाठी. काका बागांमध्ये आंबे उतरवायचे. एका मे महिन्यात हापूसच्या कलमाची फांदी मोडली आणि ते कातळावर पाठीवर आपटले. कमरेखाली त्यांना पुन्हा काही जाणवले नाही.

पहिली दोन वर्षे त्यांनी माझा रागच केला. त्यांची बायको एस्तेरकाकू रोज संध्याकाळी प्रार्थना करायच्या, तेव्हा काका मला भिंतीकडे वळवून बसायचे. एकदा चर्चचे पाळकसाहेब घरी आले.

"शमुवेल, यामागे देवाची काहीतरी योजना असेल," ते म्हणाले.

"मग त्याने ती मला सांगावी. मी इथंच बसलोय. कुठं जाणार आहे?"

पाळकसाहेब चहा न घेताच गेले.

एस्तेरकाकू रुग्णालयात आया होत्या. काका पडल्याला दोन वर्षे झाली, त्या हंगामात त्यांनी जेवताना सांगितले, की रघू नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा कलमावरून पडून आला आहे. लग्नाला वर्षही झालेले नाही आणि त्याने अन्न सोडले आहे. सकाळी काका म्हणाले, "मला घेऊन चल."

रघूने आमच्याकडे पाहिलेही नाही. "जा तुम्ही. मला कोनाचं काय ऐकायचं नाय."

"मी सांगायला नाही आलो रे. तुझी कूस कोण बदलतं, ते बघायला आलोय."

कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. काकांनी त्याच्या बायकोला, तुळसाला, उशी कुठे लावायची ते दाखवले. मग दुपारपर्यंत नुसते बसून राहिले.

शेवटी रघूने विचारले, "तुमाला मरावंसं नाय वाटलं?"

"वाटलं. दोन वर्षं."

"मग?"

"मग तू पडलास." काकांनी मला त्याच्या खाटेजवळ सरकवले. "मी का पडलो, ते मला अजून कळलेलं नाही. माझा येशूही खिळ्यांवर एकटाच लटकला होता, म्हणून त्याच्यावर रुसलो तरी परत त्याच्याशीच बोलतो. आज वाटलं, तुझ्यापर्यंत यायला मी या खुर्चीतच हवा होतो."

संध्याकाळी रघूने तुळसाकडे पेज मागितली.

त्यानंतर सहा वर्षे आम्ही अशा माणसांकडे गेलो. मालगुंडला गेलो, हेदवीलाही गेलो. काही सावरले. दोघे गेले. त्या दोन्ही दिवशी काका घरी येईपर्यंत रडत होते. पुढे त्यांच्याच मूत्रपिंडांनी दगा दिला आणि एका आषाढात काकांना मातीत ठेवून सगळे घरी आले.

काकूंनी मला पडवीत चादरीखाली ठेवले. वर्षभर मला कोणी हात लावला नाही. माझी चाके गंजली.

मग एक दिवस रिक्षातून तुळसा आणि रघू आले. खडबडीत वाटेवर त्याची खुर्ची मोडली होती. काकूंनी माझा दांडा घट्ट धरला.

"ही दिली तर घरात त्यांचं काही राहायचं नाही रे."

"राहू दे मग, काकू," रघू म्हणाला.

काकू उभ्या राहिल्या, रडल्या. मग त्यांनीच चाकांना तेल घातले.

आता रघू घरातल्या देवाला हात जोडून निघतो आणि दर रविवारी आम्ही रुग्णालयाच्या वॉर्डात जातो. काकांसारखाच तो नुसता बसतो. काका नाहीत, हे दुःख माझ्यातून जात नाही.

मित्रांनो, तुमच्या पडवीत माझ्यासारखी एखादी खुर्ची कोणाची आठवण म्हणून झाकून ठेवली असेल, तर तिला बाहेर काढा. कोणीतरी आत्ता खुर्चीवाचून जमिनीवर पडून छताकडे बघत असेल.