टिपायचं, घासायचं नाय

मी गमछा बोलतोय. ऐकताना तोंडं वाकडी करू नका. तुमच्या वाकड्या तोंडांनीच आमचा घात केलाय.

जन्म सोलापूरचा, मागावरचा. करमाडच्या बाजारात नूरमोहम्मदच्या गाड्यावर लटकत होतो. कारभारीनं मला दोन्ही हातांनी ताणून बघितलं. नूरमोहम्मद म्हणला, "मामू, फाड के दिखाव, दूसरा फुकट देतुं." फाटलो नाय. गेलो कारभारीच्या खांद्यावर.

कारभारी शाळेच्या गाडीचा डायव्हर. गाडी नानासाहेबाची. सकाळी करमाडची पोरं भरायची, शहरात शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. गळ्यात तुळशीची माळ. दारूला कधी शिवला नाय. हे मी सांगतो, कारण त्याचं तोंड रोज मी पुसायचो. वास यायचा तो डिझेलचा आन् लसणाच्या ठेच्याचा.

पण चाळिशीत त्याचे गाल लाल व्हायला लागले, मग नाक. उन्हातून आला का तोंड पेटायचं. बारीक शिरा, पुरळ. आन् हा गडी काय करायचा? उकळता चहा घशात ओतायचा, वर ठेचा खायचा, आन् मग मला घेऊन खसाखसा घासायचा, जसं काय तोंड नाय, परातच हाय. अरं, मी जाडाभरडा सुती! माझ्यानं लाली निघती व्हय? आरडलो असतो, पर मला तोंड कुठंय?

लोकायला मात्र तोंडं होती. आवडाबाई नातीला गाडीत बसवायला यायची. एकदा समद्या बायांसमोर म्हणली, "काय कारभारी, सकाळी सकाळीच टाकली का?" बाया खिदळल्या. कारभारी भडकला, तसं तोंड आणखी लाल झालं.

"बघा, बघा, चढली!" आवडाबाई म्हणली.

घरी त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, लिंबू चोळलं. लई झोंबलं. मग औषधाच्या दुकानातून ह्यानं एक ट्यूब आणली. दुकानवाल्यानं वर मान करून तोंडसुद्धा बघितलं नाय. "लावा, चकाचक हुईल." झालं की चकाचक! थोडे दिवस. मग एक दिवस नाय लावली का दुप्पट आग. ट्यूबमागून ट्यूब संपली आन् तोंड पहिल्यापरीस वाईट.

शेवटी नानासाहेबानं चावी काढून घेतली. "लोक म्हणतेत तू पिऊन चालवतो."

"माळ हाय माझ्या गळ्यात, नानासाहेब!"

"माळंचं सोड. नाक दिसतंय मला. सोमवारी ये, तोंड बघून ठरवू. नायतर दुसरा डायव्हर, सांडू, तयारच हाय गाडी चालवायला."

मनकर्णाबाईनं त्याला ओढत शहरात, उस्मानपुऱ्यात नेलं, कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं. बाईनं ती ट्यूब बघितली आन् टेबलावर आपटली. मला बाई तिथंच आवडली.

"स्टिरॉइड आहे हे. यानंच आग वाढवली. तुम्हाला रोझेशिया आहे, तोंड लाल करणारा कातडीचा आजार. न पिणाऱ्यालाही होतो. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. तोंड कशानं पुसता?"

त्यानं मला पुढं केलं. मला वाटलं, आता मला बी आपटणार.

"यानं घासता? गार पाण्यानं धुवा आणि नुसतं टिपा. उन्हात हाच डोक्यावर घ्या. चहा कोमट, तिखट कमी. मी देते ते मलम रोज लावायचं, आणि सकाळी बाहेर पडताना उन्हाचं क्रीम. ट्यूब बंद केली की आधी लाली वाढेल. तेव्हा परत तिच्याकडं जायचं नाही."

वाढलीच. सोमवारी उठला तर तोंड नुसतं रसरसलेलं. कोनाड्यात उरलेली ट्यूब होतीच. कारभारीनं उचलली, टोपण काढलं.

"लावा," मनकर्णाबाई म्हणली. "लावा आन् चावी आणा. मग जन्मभर लावतच बसा."

त्यानं ट्यूब उकिरड्यावर भिरकावली. मला गार पाण्यात भिजवलं, पिळलं आन् गालावर ठेवलं. एवढा हलका हात त्याचा मी कधी बघितला नव्हता.

नानासाहेबाच्या दारात बाया जमल्या होत्या, आवडाबाई समद्यात पुढं. कारभारीनं मला तोंडावरून काढून खांद्यावर टाकलं.

"बघा, लई लाल हाय. बिमारी हाय ती, डॉक्टरीणबाईला विचारा. आन् आता वास घ्या." नानासाहेबाच्या नाकापुढं जाऊन त्यानं हाऽऽ केला.

नानासाहेब मागं सरकला. "लसूण."

"दारू हाय का?"

"नाय."

"मग चावी टाका."

चावी मिळाली. आवडाबाईनं नातीला गाडीत बसवलं आन् दुसरीकडंच बघत उभी राहिली. माफी? नाव काढू नका. कुणी मागितली नाय.

आता माझ्या कडा सुटल्यात, मधून विरलोय. लाली समदी गेली नाय. ऊन तापलं, कुणी डिवचलं, का येतीच. पण मलम चालू हाय आन् गाडी बी चालू हाय. मी डोक्यावर सावली धरतो, घाम टिपतो. उद्या फाटलो का माझं फडकं हुईल, काच पुसायला. हुऊ द्या.

जायच्या आधी सांगतो. तुमचं तोंड असं पेटत असंल तर दुकानातून ट्यूब आणू नका, डॉक्टरला दाखवा. आन् दुसऱ्याचं पेटलेलं दिसलं तर गप बसा. घासायची लईच हौस असंल, तर आपापली जीभ घासा.