पित्ताची गोळी

पित्ताची गोळी हे नाव सुगंधानं दिलेलं. मुलीकडची माणसं सुशांतला बघायला यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी तिनं आपल्या मुलाच्या गोळ्या पाकिटांतून एकेक करून काढल्या, पित्ताच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरल्या आणि पाकिटं चुलीत घातली. मसुऱ्यात पित्त नाही असं एक घर दाखवा. जेवणावर पित्ताची गोळी घेणाऱ्या जावयाला शिरोड्याची माणसं तरी काय विचारणार?

खरी गोष्ट वेगळी होती. आठ वर्षांपूर्वी सुशांतला आवाज ऐकू यायचे. ते त्याला घाणेरड्या शिव्या द्यायचे आणि त्यांच्या भीतीनं तो माळ्यावर जाऊन बसायचा. देवाला गाऱ्हाणी घालून झाली, अंगारे लावून झाले, शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंच्या गोळीनं ते आवाज गेले. गोळीनं तोंड सुकायचं, अंग सुटलं, सकाळी नऊशिवाय डोळा उघडायचा नाही. पण विहिरीवरचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. डॉक्टरबाई प्रत्येक खेपेला बजावायच्या, "त्याला बरं वाटतंय ते गोळीमुळे. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. त्रास झाला तर मला सांगा, मी कमी-जास्त करीन. आणि घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू दे." सुगंधा मान डोलवायची. शेवटचं वाक्य तेवढं ती दवाखान्यातच ठेवून यायची.

लग्न मार्गशीर्षात झालं. सुगंधानं सुशांतला देवासमोर उभं करून शपथ घातली होती, बायकोकडे ब्र काढायचा नाही. दिव्या गुणी निघाली. गुणी नसती तर बरं झालं असतं, असं पुढं सुगंधाच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

वैशाखात डॉक्टरबाईंनी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. लावणीच्या घाईत हेलपाटा नको म्हणाल्या. सुगंधानं डबी काठोकाठ भरली. दिव्या परसात कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती, ती हात धुऊन आली आणि म्हणाली, "आई, डबी माझ्याकडे दिया. त्यांच्या गोळयेचा मी बघतंय." सुगंधाचा जीव भांड्यात पडला.

आणि मुलगा दिसामाशी बदलू लागला. सहाला उठायचा, शीळ घालत विहिरीवर जायचा, पोट उतरलं, चेहऱ्यावर तेज आलं. सुगंधा शेजारच्या भाईला कौतुकानं सांगत सुटली, "लगीन मानवला माझ्या झिलाक." आठ वर्षांत ती एवढी सुखात नव्हती.

आषाढात त्याची झोप उडाली. मग जेवण सुटलं. एका दुपारी त्यानं भाईचा पंप ओटीवर आणून खोलला, नट न् नट सुटा केला आणि आत कान लावून बसला. "हेच्यात कोणतरी बसलोसा," तो आईला म्हणाला. "माझा नाव घेता."

 सुगंधा धावत आत गेली, फळीवरची डबी काढली, झाकण उघडलं. डबी काठोकाठ भरलेली होती.

"गो दिव्या, गोळी देतंस मा तेका?"

"पित्ताची? ती दोन म्हयने बंद केलंय," दिव्या म्हणाली. "रोज गोळी खाणा बरा नाय. मी कोकमाचा पाणी देतंय." बोलताना ती जरा फुलली होती, शाबासकी मिळेल अशी वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"तो काय बोललो नाय?"

"ते हसले. म्हणाले, बरा, पित्तच ता."

 सुगंधाला कळलं, पोरालाही ते पित्तच असायला हवं होतं. मग तिनं सगळं सांगितलं, माळ्यापासून चुलीतल्या पाकिटांपर्यंत.  "माका सांगला असतास," दिव्या म्हणाली, "तर रोज माझ्या हातान दिली असती."

डॉक्टरबाईंना फोन लावला. "आजची एक द्या, चुकलेल्या भरून काढू नका, आणि लगेच घेऊन या." रिक्षा दारात आली, पण सुशांत पंपाच्या तुकड्यांमधून उठेना. सुगंधा त्याच्यासमोर बसली आणि तळहातावर गोळी धरली.

"ही कसली?" त्यानं विचारलं.

"पित्ताची नाय रे बाबा. ती आवाजांची गोळी. मी सगळ्यांक खोटा सांगलंय."

सुशांतनं आईकडे बघितलं, मग दिव्याकडे. तो रागावला नव्हता. "इतके दिवस म्हणत होतंस पित्ताची," तो हळू आवाजात म्हणाला. "आज म्हणतंस आवाजांची. तुका पंपातल्यांनी शिकवल्यानी." आणि त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

दिव्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. सुगंधा तसाच हात धरून बसून राहिली. तळहाताला घाम सुटून गोळीची कड विरघळायला लागली होती. खरं होतं ते सांगून झालं होतं, आणि दुसरं काही सांगायला तिच्याकडे उरलं नव्हतं.