केक बसतो कुणामुळे

आमच्या बेकरीतले केक मधोमध बसायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने आरोपी लगेच पकडला: माझा धाकटा भाऊ. बसायचे ते त्याच्याच हातचे केक, हे खरं होतं. "महिनाअखेरीला दुसरं काम बघ म्हणावं त्याला," नवरा म्हणाला. भाऊ मान खाली घालून ट्रे घासत राहिला. मला त्याची कीव आली आणि नवऱ्याचा रागही.

तसा नवरा न्यायी. त्याने मैदा बदलून पाहिला, मग ओव्हन, मग बेकिंग पावडर. एका वेळी एकच गोष्ट, बाकी सगळं जसंच्या तसं. केक बसतच राहिले.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे नाक खुपसायचा मला हक्कच आहे. "एकेक नको, सगळं मिळून बदलू," मी म्हटलं. "दोन ओव्हन, करणारा भाऊ की आपले जुने कारागीर उस्ताद, आणि तू इथे की घरी. यांच्या प्रत्येक जुळणीचे केक करायचे."

"मी कशाला त्यात?"

"जे जसंच्या तसं ठेवलंस ना, त्यात तूही होतास."

कोणता केक कधी, ते आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं. नवरा निम्मा वेळ घरी बसून कुरकुरला.

निकाल लागला. दोन्ही ओव्हन निर्दोष. उस्तादांचे केक नवरा असो नसो, टम्म फुगले. भावाचे केक नवरा घरी असताना अगदी उस्तादांच्या तोडीचे. नवरा आला की भुईसपाट.

"माझी नजर लागते की काय?"

"नजर नाही, हात. त्याचा केक आत गेला की तू सारखं दार उघडून बघतोस, गार हवा आत शिरते. उस्तादांचा केक आत असताना दाराला हात लावायची तुझी छाती नाही. दोष एकट्या तुझा नाही, त्याचाही नाही. तुम्ही दोघं एकत्र आलात की केक बसतो."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मी भावाकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"एकदा केक बसला, तेव्हापासून भाऊजी काळजीनेच बघायचे, ताई. त्यांना कसं सांगणार?"

नोकरी जायची वेळ आली तरी गप्प बसला होता वेडा. नवऱ्याने ओव्हनचे हातमोजे काढून त्याच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी नवरा ओव्हनकडे पाठ करून गल्ल्यावर बसला. शेजारी मी, त्याच्या शर्टाचं टोक धरून.

"भाऊजी, केक झाल्याचा वास आला का?" आतून भावाने विचारलं.

"आला," नवरा म्हणाला. मान मात्र वळवली नाही.