अळ्यांचं अंथरूण

भाचीचं पत्र येऊन अठरा दिवस झाले होते, मामांनी उत्तर दिलं नव्हतं. ती डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरीला. तिथं फोन लागत नसे. जे काही ते टपालानं. तिनं लिहिलं होतं, "तुम्ही सांगितलंत तसा सुताराकडचा भुसा बरणीत भरला. पण पाळायला आणलेल्या भुंगेऱ्याच्या तिन्ही अळ्या आत शिरतच नाहीत, वर येऊन पडतात. काय करू?"

मामांनी चार पुस्तकं उघडली. चारही लेखकांची चार मतं. स्वतःच्या अळ्या तर त्याच भुशात टुमटुमीत झालेल्या. तीन मसुदे लिहिले, तिन्ही फाडले.

"तुमचं उत्तर जाईपर्यंत अळ्यांचं तेरावं होईल," मामी म्हणाल्या. "आधी सुताराला तरी विचारा."

सुतार रंधा मारत होता. मामांनी चाचरत विषय काढला.

"भुसा? तुम्ही कधी नेलात भुसा?" तो म्हणाला.

"दर दोन महिन्यांनी नेतो की. मागच्या ढिगातला."

"अहो मामा, तो काय भुसा आहे? आंबा-फणसाचा चुरा, दोन वर्षं पावसात कुजलेला. माती झालीय त्याची. भुसा म्हणजे हा!" त्यानं पायाखालचा पिवळाधमक ढीग दाखवला. "निम्मा चिडाच्या लाकडाचा. राळ असते त्यात. ओला करून ठेवा, हात घालवणार नाही इतका तापतो. कुणाला दिलात की काय खायला?"

मामांचा चेहरा उतरला. कुजलेला, एवढा एकच शब्द त्यांचा लिहायचा राहिला होता.

घरी येऊन त्यांनी एका बैठकीत लिहिलं. "ताजा भुसा आत्ताच्या आत्ता काढून टाक. रुंद पानांच्या झाडांचा कुजका पाला घे, आणि बोटानं चुरगळेल असं लाकूड. राळेचा वास आला तर नको. ओलावून मुठीत दाबून बघ: गोळा व्हायला हवा, पाणी निथळता कामा नये. तुझं काही चुकलं नाही. मीच अर्धवट सांगितलं, आणि वर अठरा दिवस गप्प बसलो. अळ्या गेल्या असतील तर तेही लपवू नकोस."

मामींनी वाचलं. "'बहुधा' कुठंच नाही?"

"होतं दोन ठिकाणी. खोडलं."

टपाल कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "साधं की जलद?"

"जलद," मामा म्हणाले. पाकीट खिडकीतून आत सरकवल्यावरही त्यांचं बोट क्षणभर त्यावर होतं. कारकुनानं पाकीट ओढून घेतलं आणि शिक्का मारला.